१७ वर्षांचा आकडा आणि मुदतवाढीवर चाललेली मदत

युद्धात सापडलेल्या नागरिकांसाठी गेल्या शतकात ज्या यंत्रणा उभ्या राहिल्या, त्यांतल्या बहुतेकींची अखेरची तारीख जन्माच्या वेळीच ठरली होती. युद्ध जुनं झालं की लोकांचं लक्ष उडतं, ही तक्रार नेहमीची आहे. मदतीची रचनाच ते लक्ष उडणार असं धरून झाली होती, हे फारसं कुणी बोलत नाही.

डिसेंबर १९४६मध्ये संयुक्त राष्ट्रांनी युद्धग्रस्त देशांतल्या मुलांसाठी निधी स्थापन केला, तेव्हा त्याच्या नावातच ‘आपत्कालीन’ हा शब्द होता. युरोप जरा सावरला तशी १९५०मध्ये तो गुंडाळायची भाषा सुरू झाली. युरोपची गरज सरली म्हणून काम संपलं कसं, असा सवाल पाकिस्तानच्या प्रतिनिधीने केला. अखेर तीन वर्षांची मुदतवाढ मिळाली. १९५३मध्ये निधी कायमचा झाला आणि नावातून ‘आंतरराष्ट्रीय’ व ‘आपत्कालीन’ हे दोन्ही शब्द गेले. त्यांची आद्याक्षरं मात्र ‘युनिसेफ’ या लघुनावात अजून टिकून आहेत. निर्वासितांसाठीची संयुक्त राष्ट्रांची यंत्रणा १ जानेवारी १९५१ला तीन वर्षांच्या बोलीवर सुरू झाली आणि पुढे २००३पर्यंत पाच-पाच वर्षांच्या मुदतवाढीवर चालली. मे १९५०मध्ये कामाला लागलेली पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीची यंत्रणा तर आजही मुदतवाढीवरच आहे.

युरोपातल्या छावण्यांचंही तेच झालं. युद्ध १९४५मध्ये संपलं. जर्मनीतली फोरेनवाल्ड इथली विस्थापित ज्यूंची छावणी बंद व्हायला फेब्रुवारी १९५७ उजाडलं. इतर छावण्यांत शेवटी उरले ते म्हातारे, क्षयाचे रुग्ण, अपंग. कोणताच देश ज्यांना घ्यायला तयार नव्हता असे. त्यांच्यासाठी १९५९-६० हे खास निर्वासित वर्ष पाळावं लागलं. युद्ध संपून चौदा वर्षं झाल्यावर!

आता त्या १७ वर्षांकडे येऊ. ‘निर्वासित माणूस सरासरी १७ वर्षं छावणीत काढतो’ हे वाक्य मंत्र्यांच्या भाषणांत, निधीच्या आवाहनांत, शाळकरी मुलांच्या प्रकल्पांतसुद्धा सापडतं. त्याचा उगम संयुक्त राष्ट्रांच्या याच निर्वासित यंत्रणेच्या २००४च्या एका अंतर्गत टिपणात आहे. रेंगाळलेल्या विस्थापनाची व्याख्या तिथे अशी केली होती: एकाच देशातून आलेले किमान २५,००० निर्वासित एकाच आश्रयदात्या देशात पाच किंवा अधिक वर्षं अडकून असणं. त्याच टिपणात असा अंदाज होता की निर्वासितांच्या मोठ्या ‘परिस्थितीं’चं सरासरी वय १९९३मध्ये नऊ वर्षं होतं, ते २००३मध्ये १७वर गेलं. हे वय परिस्थितीचं होतं, माणसाचं नव्हतं. तीस वर्षं जुन्या छावणीत कालच आलेली बाईही असते आणि तिथेच जन्मलेला बापही असतो. छावणीचं वय त्या दोघांना सारखंच कसं लावणार? शिवाय तो आकडा २००३चा. सीरियाचं युद्ध त्यानंतर आठ वर्षांनी पेटलं. आणि बहुतेक निर्वासित छावणीत राहतच नाहीत.

२०१६मध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी माणसागणिक हिशेब केला. २०१५अखेर निर्वासित म्हणून सरासरी काळ १०.३ वर्षं निघाला आणि मध्यक, म्हणजे निम्म्या लोकांचा काळ ज्याच्या आत बसतो तो आकडा, फक्त चार वर्षं. मध्यक खाली आला, कारण नव्याने पळालेल्या सीरियन लोकांची गर्दी मोठी होती. म्हणजे ही सुधारणा नव्हे, ताजं संकट. तरीही १७ काही मागे हटले नाहीत. या आकड्यामुळे अनेक वर्षांच्या निधीची आणि छावणीतल्या शाळांची मागणी रेटता आली, हे मान्य. माझ्या मते नुकसान मोठं झालं. सतरा वर्षं ऐकली की देणाऱ्याला वाटतं, आपल्या हजार-पाचशेने काय होणार. आणि २५,०००च्या अटीत न बसणारे छोटे गट, देशाची सीमा न ओलांडता आतल्या आत विस्थापित झालेले, घर न सोडता वेढ्यात अडकलेले, हे कुठल्याच सरासरीत नसतात. २००९मध्ये त्याच निर्वासित यंत्रणेच्या सदस्य देशांनी संख्येची अट नसलेलं शब्दांकन स्वीकारलं. सांख्यिकी अहवाल मात्र जुनीच मोजपट्टी वापरत राहिले.

लक्ष उडण्याचा वेग सीरियाच्या बाबतीत मोजताही आला. डिसेंबर २०१४मध्ये पैसे संपल्यामुळे १७ लाख सीरियन निर्वासितांची अन्नकुपनं थांबवावी लागली. बोंब झाली आणि काही दिवसांत ती पुन्हा सुरू झाली. सप्टेंबर २०१५मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर मृतावस्थेत सापडलेल्या सीरियन चिमुकल्याचं छायाचित्र जगभर गेलं. स्वीडनमधल्या एका मदतनिधीत पुढच्या आठवड्यात रोज जमा होणारी रक्कम आधीच्या ५५ पट झाली आणि सहा आठवड्यांत ती लाट ओसरली. ज्या अभ्यासाने हे मोजलं, त्यातला कमी सांगितला जाणारा भाग असा, की दरमहा ठरावीक रक्कम देण्यासाठी नाव नोंदवणाऱ्यांची संख्या सुमारे दसपट झाली आणि त्यांतले फारच थोडे नंतर गळाले. छायाचित्र विसरलं गेलं, बँकेला दिलेली सूचना चालू राहिली.

बोस्नियात तुझ्ला शहरात स्रेब्रेनित्साच्या बायका दर महिन्याच्या ११ तारखेला, बेपत्ता माणसांची नावं भरतकाम केलेले उशांचे अभ्रे हातात घेऊन, चालत राहिल्या. स्रेब्रेनित्सातल्या मुस्लिम पुरुषांची आणि मुलग्यांची कत्तल जुलै १९९५ची. कॅमेरे कधीच निघून गेले होते.

सुदानात युद्ध पेटलं तेव्हापासून, म्हणजे एप्रिल २०२३पासून, गल्लोगल्लीच्या स्वयंसेवकांनी सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली, बरीचशी परदेशात राहणाऱ्या सुदानी लोकांच्या पैशावर. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत रोखली तेव्हा त्यांतली शेकडो बंद पडली. मदतीतला २५ टक्के वाटा शक्य तितका थेट स्थानिकांच्या हाती द्यायचा, असं देणाऱ्यांनी २०१६मध्ये इस्तंबूलला ठरवलं होतं, तेही २०२०पर्यंत. प्रत्यक्षात ते त्याच्या जवळपासही पोहोचले नाहीत.

युक्रेनमधून पळालेल्यांसाठी युरोपीय संघाने मार्च २०२२मध्ये जो कायदा पहिल्यांदा वापरला, तो बाल्कन युद्धांच्या अनुभवावरून २००१मध्येच करून ठेवलेला होता. त्याचं नाव ‘तात्पुरतं संरक्षण’. त्याची कमाल मुदत तीन वर्षं, असाच त्याचा अर्थ लावला जात असे. सध्याची मुदत ४ मार्च २०२७पर्यंत आहे.