दुधी काच प्रकाशाचा 'चुरा' करते?

मुंबईतल्या चाळीपासून टॉवरपर्यंत मोरीच्या खिडकीला दुधी काच असतेच. तिच्यातून उजेड येतो, चेहरा दिसत नाही. त्यावरून शाळेपासून ऐकलेलं एक वाक्य: अशा काचेत प्रकाश कायमचा विस्कटतो, तो पुन्हा एका बिंदूवर आणता येत नाही. हे खरं नाही.

विस्कटणं म्हणजे नष्ट होणं नव्हे. काच जागची हलली नाही, तर प्रत्येक किरणाची वाट ठरलेलीच असते. लेझर टाकून बघा: पलीकडे भिंतीवर बारीक ठिपक्यांची रांगोळी दिसते. काच स्थिर, तर रांगोळीही स्थिर.

गिरगावात वेगवेगळ्या गल्ल्यांतून ढोल वाजतायत, अंतरं वेगळी, म्हणून नाक्यावर नुसता कल्लोळ. प्रत्येकाला 'तू जरा आधी, तू जरा नंतर' असं सांगितलं, तर नाक्यावर ठोका एकच पडेल. २००७ मध्ये नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठात वेलेकूप आणि मॉस्क या संशोधकांनी प्रकाशाबाबत हेच केलं. लेझरच्या लाटेचे बारीक तुकडे पाडून संगणकाने एकेकाला मागेपुढे सरकवलं. समोर होता टायटॅनियम डायऑक्साइडचा, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगातल्याच भुकटीचा, जेमतेम १० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा थर. पलीकडचा ठरवलेला बिंदू सुमारे हजारपट उजळला!

मात्र मोबाइलच्या टॉर्चवर हा प्रयोग करू नका. त्याच्या लाटा एका तालात नसतात. आणि जिवंत शरीरही दुधी काचेसारखाच प्रकाश विस्कटतं, पण तिथे रक्त वाहतं, त्यामुळे काही मिलिसेकंदांतच रांगोळी बदलते, सगळी जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून. खरी डोकेदुखी ती आहे.