तुरटी, मंजिष्ठ आणि तुर्की गालिच्याचा लाल

मावसबहीण तुर्कस्तानची सहल करून आली आणि येताना चार फूट बाय सहा फूट गालिचा घेऊन आली. सहलीच्या बसने सगळ्यांना एका गालिच्यांच्या दुकानात नेलं होतं. तिथे सफरचंदाचा चहा पाजून विक्रेत्याने सांगितलं, ‘रंग शंभर टक्के नैसर्गिक आहेत, म्हणून पिढ्यान् पिढ्या उडणार नाहीत.’ भावोजींची समजूत नेमकी उलटी. त्यांच्या मते झाडपाल्याचे रंग कच्चेच असतात, पक्का रंग फक्त कारखान्यात होतो. गालिचा दिवाणखान्यात अंथरला आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी रसायनशास्त्र शिकवते.

माझं उत्तर दोघांनाही आवडलं नाही. विक्रेता चूक आणि भावोजीही चूक. रंग पक्का होतो की कच्चा राहतो, हे तो झाडातून आला की पिंपातून आला यावर ठरत नाही. रेणूची बांधणी कशी आहे आणि तो धाग्याला कशाने जखडलेला आहे, यावर ते ठरतं.

पुरावा प्रत्येक मराठी स्वयंपाकघरात आहे. पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडला की आई काय सांगते? धू आणि कडक उन्हात टाक. संध्याकाळपर्यंत पिवळेपणा गेलेला असतो. हळद शंभर टक्के नैसर्गिक, तरी तिचा रंग उन्हापुढे टिकत नाही. हळदीतल्या कर्क्युमिनच्या रेणूत दोन कडी एका लांब साखळीने जोडलेली असतात आणि प्रकाशाची ऊर्जा ती साखळी तोडते. साखळी तुटली की रंग संपला. उलट तुर्की गालिच्यांतला लाल पाहा. तुर्कस्तानातल्या कोन्या शहराच्या अलाउद्दीन मशिदीत सेल्जुक राजवटीतले, तेराव्या शतकातले गालिचे सापडले, ते आज इस्तंबूलच्या तुर्की व इस्लामी कला संग्रहालयात आहेत. त्यांचा लाल अजून लाल म्हणून ओळखता येतो. सातशे वर्षांवर गेलेला हा रंगही वनस्पतीचाच आहे.

ती वनस्पती म्हणजे रुबिया टिंक्टोरम. तुर्कीत तिला ‘क्योकबोया’ म्हणतात. ‘क्योक’ म्हणजे मूळ आणि ‘बोया’ म्हणजे रंग. आपल्या सह्याद्रीत तिची सख्खी बहीण वाढते, रुबिया कॉर्डिफोलिया, म्हणजेच काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारी मंजिष्ठ. अनातोलियाच्या, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियातल्या भागाच्या, क्योकबोयाची मुळं किमान तीन वर्षं जमिनीत वाढू देतात, मग खणून, वाळवून, कुटून वापरतात. मुळात रंगद्रव्य सुटं नसतं, साखरेच्या रेणूला बांधलेलं असतं. वाळताना आणि मुरताना विकरं ही साखर तोडतात आणि अलिझारीन मोकळं होतं. त्याच्यासोबत पर्प्युरिनही असतं. ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

अलिझारीनचा रेणू म्हणजे एकमेकांना घट्ट चिकटलेली तीन कडी. तुटायला हळदीसारखी लांब साखळीच नाही, म्हणून तो मुळातच दणकट. पण दणकट असून भागत नाही, धाग्याला चिकटायलाही हवं. नुसत्या मुळाच्या काढ्यात लोकर बुडवली तर मळकट नारिंगी छटा येते आणि धुताना ती पुष्कळशी निघून जाते. इथे तुरटी येते. तीच तुरटी जी आपण गढूळ पाण्यात फिरवतो आणि दाढीनंतर गालावर लावतो.

आता माझा आवडता भाग. थोडा सावकाश वाचा.

तुरटी पाण्यात विरघळली की अ‍ॅल्युमिनिअमचे आयन मोकळे होतात. प्रत्येकावर तीन धनभार असतात आणि प्रत्येकाला भोवती सहा जागा असतात, जणू सहा हात. पाण्यात हे सहाही हात पाण्याच्या सहा रेणूंनी धरलेले असतात. लोकर हे केराटिन नावाचं प्रथिन आहे आणि त्याच्या साखळीवर जागोजागी आम्लगट लोंबत असतात. गरम पाण्यात हे गट ऋणभारित होऊन अ‍ॅल्युमिनिअमला ओढतात. पाण्याचे काही रेणू हात सोडतात आणि त्यांची जागा लोकर घेते. धाग्यात आता अ‍ॅल्युमिनिअमचे आकडे बसले, पण त्यांचे बाकीचे हात अजून रिकामेच म्हणायचे, कारण पाणी सहज बाजूला सारता येतं.

मग हीच लोकर क्योकबोयाच्या काढ्यात उतरते. अलिझारीनच्या रेणूत शेजारीशेजारी दोन ऑक्सिजन असे बसलेले असतात की ते मिळून अ‍ॅल्युमिनिअमला चिमट्यासारखं धरतात. एका हाताने धरलेली वस्तू सुटू शकते, चिमट्यातली सुटायला दोन्ही टोकं एकाच वेळी निसटावी लागतात. साबणाच्या पाण्यात ते फार क्वचित घडतं. एका बाजूला लोकर, दुसऱ्या बाजूला रंग आणि मधे अ‍ॅल्युमिनिअम, अशी ही गाठ. म्हणूनच तुरटीसारख्या पदार्थाला रंगबंधक म्हणतात. या बंधामुळे रेणूतले इलेक्ट्रॉन वेगळ्या पातळ्यांवर जातात. ते आता निळा-हिरवा प्रकाश शोषतात आणि लाल परत पाठवतात. म्हणजे तुरटी रंग नुसता धरून ठेवत नाही, तो लाल घडवतेही. यात कॅल्शियमचाही वाटा असतो. अ‍ॅल्युमिनिअम, कॅल्शियम आणि अलिझारीन एकत्र आले की लाल खुलतो, म्हणून चुनखडीच्या भागातलं जड पाणी (शाळेत आपण त्याला दुष्फेन म्हणायचो) या रंगाला मानवतं.

हे मी घरी करून पाहिलं. पहिली अडचण लोकरीची. आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून जो गुंडा मिळतो तो बहुधा अ‍ॅक्रिलिक असतो. एक तुकडा जाळून पाहावा. केस जळल्याचा वास आला तर लोकर, वितळून कडक गोळी झाली तर प्लास्टिक. खरी पांढरी लोकर मिळाल्यावर दहा ग्रॅमच्या लडीला दोन ग्रॅम तुरटी घेतली, तासभर मंद आचेवर ठेवली आणि मग लड मंजिष्ठाच्या काढ्यात सोडली. काढा उकळू द्यायचा नाही, ६०-७० अंशांच्या वर गेला की मुळातला तपकिरीपणा उतरून लाल मरतो. तुरटीविनाची लड धुतल्यावर फिकट बदामी झाली. तुरटीवाली गेरूच्या जवळचा नारिंगी-लाल झाली. तोच प्रयोग बोअरच्या जड पाण्यात केला तेव्हा लाल आणखी गडद आला. तुर्की लाल आला नाही आणि त्याचं कारणही सरळ आहे. आपल्या मंजिष्ठात अलिझारीन नगण्य असतं, भर पर्प्युरिन आणि मुंजिस्टिन या दुसऱ्या रंगद्रव्यांवर असतो. चिमटा तोच, पण रेणू वेगळा.

रंगलेला हा धागा मागावर कसा बसतो तेही थोडक्यात सांगते. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. लोकरीचा छोटा तुकडा ताण्याच्या दोन शेजारच्या धाग्यांवरून घेऊन, दोन्ही टोकं मागून वळवून मधल्या फटीतून पुढे काढायची आणि खाली ओढायची. पश्चिम अनातोलियातल्या गावावरून तिला गोर्देस गाठ म्हणतात. गाठींची एक ओळ झाली की बाण्याचे धागे घालून जड फणीने ठोकायचं. हेरेके इथल्या पारंपरिक रेशमी गालिच्यात एका चौरस सेंटिमीटरला १०० गाठी असतात, म्हणजे चौरस मीटरला १० लाख. मिनिटाला वीस गाठी आणि दिवसाचे आठ तास धरले तरी एका चौरस मीटरला शंभरावर दिवस होतात. दुकानदार या गाठीला ‘दुहेरी गाठ’ म्हणून इराणी गालिच्यापेक्षा भारी ठरवतात. पण गालिचा किती टिकेल हे लोकर, पीळ, गाठींची दाटी आणि ठोकणी यांवरही अवलंबून असतं. एकट्या गाठीवरून प्रत ठरत नाही.

या पद्धतीच्या गाठींचा सर्वांत जुना अखंड गालिचा तुर्कस्तानात सापडला नाही, तो सैबेरियातल्या अल्ताई पर्वतात सापडला. पाझिरिक इथल्या एका थडग्यात चोर शिरले होते, त्यांच्या मागून पाणी शिरलं आणि गोठलं. त्या बर्फात गालिचा सुमारे २,४०० वर्षं राहिला. १९४९च्या उत्खननात तो बाहेर आला आणि आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. त्याचा लाल इतका कसा टिकला? २०२१ साली जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी त्याचे धागे क्ष-किरणांच्या सूक्ष्म झोताखाली धरले आणि रंगासोबतचे धातू केसाच्या आडव्या छेदात कुठवर पोचले आहेत ते पाहिलं. लोकरीच्या केसावर कौलारू छपरासारखे खवले एकावर एक रचलेले असतात आणि रंग आत जायला त्यांचाच अडथळा होतो. यीस्टसारख्या सूक्ष्मजीवांच्या आंबवणात लोकर मुरवली की ही कौलं उचकटतात आणि रंग थेट गाभ्यापर्यंत जातो. पाझिरिकच्या धाग्यातली धातूंची मांडणी आंबवलेल्या लोकरीशी जुळली. गालिचा विणणाऱ्यांनी हे सूक्ष्मजीव कधी पाहिले नव्हते, पण त्यांच्याकडून काम कसं करून घ्यायचं हे त्यांना ठाऊक होतं. मला हे ज्ञान कुठल्याही प्रयोगशाळेच्या ज्ञानाइतकंच मोठं वाटतं.

चौदाव्या शतकात प्रवासी इब्न बतूता अनातोलियातून गेला तेव्हा त्याने तिथल्या अक्सराय शहराच्या लोकरी गालिच्यांना तोड नाही असं लिहून ठेवलं. ते सीरिया, इजिप्त, इराक, हिंदुस्थान आणि चीनपर्यंत जातात, असंही तो सांगतो. युरोपात तर ते इतके मोलाचे होते की जमिनीऐवजी टेबलावर अंथरत. चित्रकार होल्बाइनच्या १५३३च्या ‘राजदूत’ या चित्रात तसाच एक दिसतो.

मग १८५६ साली पर्किन या रसायनशास्त्रज्ञाचा कृत्रिम जांभळा आला, दोन-तीन वर्षांत फुक्सिन हा कृत्रिम भडक गुलाबी रंग आला आणि हे स्वस्त रंग अनातोलियाच्या खेड्यांत पोचले. भावोजींच्या समजुतीला छेद जातो तो इथे. फुक्सिनचा झगझगीत रंग उन्हाने उडाला आणि करडा पडला. अशा गालिच्याचे केस बोटांनी फाकवून पाहिले तर टोकाला करडा आणि बुडाशी अजून भडक गुलाबी दिसतो. म्हणजे कारखान्याचाच रंग कच्चा निघाला. पण गोष्ट इथे संपत नाही. १८६८ साली ग्रेबे आणि लिबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी कोळशाच्या डांबरातल्या अँथ्रासीनपासून अलिझारीन बनवलं. मुळातलं अलिझारीन आणि हे अलिझारीन यांत एका अणूचाही फरक नाही. मग एकाला नैसर्गिक म्हणून पुजायचं आणि दुसऱ्याला केमिकल म्हणून नाकं मुरडायची, याला काय आधार? पुढच्या काळातले क्रोमिअमने जखडलेले कारखानी रंग तर फारच पक्के निघाले.

तरीही दोन्ही लाल डोळ्यांना वेगळे दिसतात आणि ते का, हे हाराल्ड ब्योमर या इस्तंबूलमध्ये शिकवणाऱ्या जर्मन रसायनतज्ज्ञांनी दाखवलं. जुन्या गालिच्यांच्या धाग्यांतला रंग काढून त्यांनी त्याची क्रोमॅटोग्राफी केली. शाळेत खडूवर शाईचा ठिपका देऊन, खडू पाण्यात उभा करून रंग वेगळे करतो, तत्त्व तेच. कारखान्याच्या अलिझारीनचा एकच पट्टा येतो. मुळाच्या रंगात अलिझारीन, पर्प्युरिन आणि त्यांची सगळी भावंडं येतात. एका कानात एकच सूर आणि दुसऱ्यात तंबोरा, असा तो फरक. या विश्लेषणातून विसरलेल्या कृती परत जुळवता आल्या. १९८१ साली मार्मारा विद्यापीठाच्या साथीने नैसर्गिक रंग परत आणणारा दोबाग प्रकल्प सुरू झाला आणि आयवाजिक व युन्तदा भागातल्या खेड्यांतल्या बायका पुन्हा क्योकबोयात लोकर रंगवू लागल्या. युन्तदाच्या बायकांनी तर आपली सहकारी संस्था काढली.

सगळेच जुने रंग गुणी होते असं मात्र नाही. काळ्या-तपकिरी रेषांसाठी लोह आणि टॅनिन एकत्र करत. टॅनिन ओकच्या फळांच्या टोप्यांतून किंवा झाडावरच्या गाठींतून मिळे. आपल्या बाळगुटीतलं मायफळ म्हणजे ओकवरचीच ती गाठ. लोहाने लोकर हळूहळू कुजते. म्हणून जुन्या गालिच्यांत काळी रेघ झिजून खोल गेलेली असते आणि लाल-निळी नक्षी कोरल्यासारखी उठून दिसते. खरेदीदार त्याला मुद्दाम केलेली कारागिरी समजतात. ती लोहाची करणी आहे.

नक्षीबद्दलही असंच. बहिणीच्या गालिच्यावर डोळ्याच्या आकाराची नक्षी आहे, दृष्ट लागू नये म्हणून. आपल्या दारावरच्या लिंबू-मिरचीमागे जी माया आहे तीच विणणाऱ्या बाईच्या मनात असणार, तिचा मला आदर आहे. पण ‘हा गालिचा घरात आला की दृष्ट लागत नाही’ असं सांगून पैसे उकळणं ही फसवणूक आहे. ‘ही नक्षी आठ-नऊ हजार वर्षं जुनी आहे’ हा दावाही तसाच. तो बराचसा पुरातत्त्वज्ञ जेम्स मेलार्ट यांनी चाताल्हुयुक या तुर्कस्तानातल्या अश्मयुगीन वस्तीच्या म्हणून प्रसिद्ध केलेल्या भित्तिचित्रांवर उभा होता. २०१८ साली त्यांच्या घरात अशा चित्रांचे हाताने केलेले कच्चे आराखडे मिळाले आणि ती त्यांनीच रचली होती हे उघड झालं. तेराव्या शतकाचा अस्सल पुरावा हाताशी असताना या कलेला खोट्या वयाची गरज नाही.

बहिणीचा गालिचा आम्ही उलटा केला. केस फाकवून पाहिले, बुडाशी आणि टोकाला लाल सारखाच होता. ओला पांढरा रुमाल दाबून पाहिला, लाल उतरला नाही, गर्द निळ्याचा अगदी पुसट ठसा आला. तो लाल मुळाचा की डांबराचा, हे नुसत्या डोळ्यांनी खात्रीने कळत नाही आणि प्रयोगशाळेसाठी दोन धागे कापायला ती तयार नाही.

माझ्या खिडकीच्या गजाला मात्र दोन लडी बांधलेल्या आहेत, अर्ध्या भागावर पुठ्ठा लावून. एक हळदीची, एक तुरटी घालून केलेल्या मंजिष्ठाची. पाऊस ओसरल्यावर बांधल्या आणि दिवाळीच्या आवराआवरीत पुठ्ठा काढला. हळदीच्या लडीचा उघडा भाग मळक्या पांढऱ्यावर आला होता आणि झाकलेला पिवळाधमक. मंजिष्ठाच्या लडीवर पुठ्ठ्याची कड कुठे होती ते भावोजींना बोट ठेवून दाखवावं लागलं.