डेक्कन कॉलेज की भांडारकर? दोन ज्ञानपीठांतला फरक

पुण्यात रिक्षावाल्याला नुसतं ‘डेक्कन’ म्हटलं की तो डेक्कन जिमखान्यावर आणून सोडतो. तिथून भांडारकर संस्था जवळ आहे. डेक्कन कॉलेज मात्र नदीपलीकडे, येरवड्याच्या बाजूला. पत्त्याचा हा घोळ दहा मिनिटांत निस्तरतो. पण ‘महाभारताची चिकित्सक आवृत्ती डेक्कन कॉलेजने काढली’ किंवा ‘भांडारकरमध्ये तो मोठा संस्कृत कोश चाललाय’ अशी वाक्यं चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही ऐकू येतात, छापूनही येतात. दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. ती दुरुस्त करताना डेक्कन कॉलेज या छोट्या विद्यापीठाचं काम केवढं पसरलं आहे तेही दिसतं, म्हणून हा खटाटोप.

गोंधळ होण्याला कारण आहे. डेक्कन कॉलेज जुनं. १८२१ साली विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज म्हणून सुरू झालेली ती संस्कृत पाठशाळा. १८६८ मध्ये ती येरवड्याकडच्या दगडी इमारतीत गेली. टिळक, आगरकर तिथलेच विद्यार्थी. रामकृष्ण गोपाळ भांडारकर तिथे संस्कृतचे प्राध्यापक होते. ब्यूलर आणि कीलहॉर्न हे जर्मन संस्कृतपंडित आणि भांडारकर या मंडळींनी मुंबई सरकारसाठी गावोगावहून ज्या पोथ्या गोळा केल्या, त्यांचा संग्रहही पुढे डेक्कन कॉलेजातच होता. ६ जुलै १९१७ रोजी, भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, त्यांच्या नावाची संस्था निघाली आणि १९१८ मध्ये सरकारने तो पोथ्यांचा संग्रह तिच्या स्वाधीन केला. ब्यूलरने काश्मीरमधून आणलेली, भूर्जपत्रावर शारदा लिपीत लिहिलेली ऋग्वेदाची पोथी त्यातलीच. भांडारकरमधल्या ज्या ३० ऋग्वेद-पोथ्यांना २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत स्थान मिळालं, त्यांत तीही आहे. म्हणजे नाव भांडारकरांचं, पोथ्या आधी डेक्कन कॉलेजातल्या. लोक गोंधळणारच.

कागदोपत्री फरक साधा आहे. भांडारकर ही संशोधन संस्था आहे, विद्यापीठ नव्हे. डेक्कन कॉलेज १९९० पासून अभिमत विद्यापीठ आहे. नाव ‘कॉलेज’ असलं तरी ते स्वतःची एम.ए. आणि पीएच.डी. देतं. त्याआधीची एक हकिकत सांगायलाच हवी. १९३४ मध्ये सरकारने हे कॉलेज बंद केलं. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत, कोर्टात गेले, आणि १९३९ मध्ये ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. त्या वेळी तिथे आलेली माणसं बघा: पुरातत्त्वाला हसमुख सांकलिया, समाजशास्त्र-मानवशास्त्राला इरावती कर्वे, भाषाशास्त्राला सुमित्र मंगेश कत्रे. आजचे तीन मुख्य विभाग, म्हणजे पुरातत्त्व, भाषाशास्त्र आणि संस्कृत-कोशशास्त्र, यांची मुळं त्या पिढीत आहेत.

आता दोन मोठी कामं. खरी गल्लत इथेच होते, कारण दोन्ही संस्कृतची, दोन्ही अनेक दशकांची, दोन्ही पुण्याची. पण दोन्हींची दिशा अगदी उलटी आहे.

भांडारकरमध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायची होती. प्रश्न होता, अनेक पोथ्यांतून एक पाठ कसा काढायचा. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लाख रुपयांचं आश्वासन दिलं आणि १९१९ मध्ये काम सुरू झालं. संपादक विष्णु सीताराम सुखठणकरांनी १९२५ पासून त्याला शिस्त लावली. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या, वेगवेगळ्या लिप्यांतल्या १२५९ पोथ्या या कामासाठी तपासल्या गेल्या. श्लोकाचा चरण न् चरण ताडून बघायचा, जो पाठ सर्वांत जुना ठरेल तो वर छापायचा, उरलेले सगळे पाठभेद खाली तळटिपांत द्यायचे. कुठलीही गोष्ट फेकून द्यायची नाही, फक्त तिची जागा बदलायची. म्हणून व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं ही घरोघरी माहीत असलेली कथा मूळ संहितेत नाही, परिशिष्टात आहे. द्यूतसभेत द्रौपदी कृष्णाचा धावा करते तो भागही मुख्य पाठात येत नाही. ज्यांना याचा राग येतो त्यांनी तळटिपा वाचाव्यात. संपादकांनी आपला प्रत्येक निर्णय तिथे वाचकापुढे उघडा ठेवला आहे. १९ खंडांचं हे काम १९६६ मध्ये पुरं झालं.

डेक्कन कॉलेजातला प्रश्न वेगळा: एक शब्द अनेक ग्रंथांत कसा बदलत गेला. कत्रे यांनी १९४८ मध्ये तो मोठा संस्कृत कोश हाती घेतला. ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे सुमारे १५०० ग्रंथ वाचून शब्द वेचले गेले. दर शब्दाला एक चिठ्ठी. तिच्यावर शब्द, तो जिथे आला ते वाक्य, ग्रंथ आणि स्थळ. अशा सुमारे एक कोटी चिठ्ठ्या खणांत लावलेल्या आहेत. ‘अग्नि’ घ्या. वेदात तो देव, वैद्यकात पोटातली पचनशक्ती आणि चित्रक वनस्पतीही, आणि ज्योतिष-गणिताच्या श्लोकांत चक्क तीन हा आकडा, कारण यज्ञाचे अग्नी तीन. हे सगळे अर्थ कालक्रमाने, उदाहरणांसह मांडायचे. साधा कोश अर्थ सांगून मोकळा होतो, हा कोश प्रत्येक अर्थाचा पुरावा देतो. पहिला भाग १९७६ मध्ये निघाला. त्यानंतर कितीतरी भाग आले, आणि अजून ‘अ’चेच शब्द चालू आहेत. याला दिरंगाई म्हणणाऱ्यांनी एकदा त्यातलं एक पान शांतपणे वाचावं. कोशकारांची संख्या वाढायला हवी, ही गोष्ट मात्र खरी, आणि ती तळमळीने सांगायला हवी.

गल्लतीचं आणखी एक कारण आहे. डेक्कन कॉलेजच्या कोशाचे संपादक अमृत माधव घाटगे पुढे भांडारकरमधल्या प्राकृत कोशाचे प्रमुख संपादक झाले. त्यामुळे ‘भांडारकरमध्ये कोश आहे’ हे वाक्य अगदीच खोटं नाही. तो कोश प्राकृताचा आहे, इतकंच. माणसं दोन्हीकडे वावरत. इरावतीबाई डेक्कन कॉलेजात शिकवत आणि महाभारतावर लिहिताना आधार घेत भांडारकरच्या संहितेचा.

एवढं झालं की साम्य संपतं. डेक्कन कॉलेजचा एक पाय कायम मातीत आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला १९६८ पासून अनेक हंगाम उत्खनन चाललं. तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकरी वस्ती होती ती. मुलं दगावली की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवायची आणि घराच्याच जमिनीखाली पुरायची. मोठ्यांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडत. आणि एका पाच खोल्यांच्या घरात चार पायांचा मातीचा रांजण मिळाला. आत मांडी घालून बसवलेला प्रौढ पुरुष, पावलं शाबूत. तो गावाचा प्रमुख असावा असं उत्खनकांनी अनुमान काढलं. हे कळायला खोदणारा एकटा पुरत नाही. हाडं ओळखणारा लागतो, जळालेले दाणे सूक्ष्मदर्शकाखाली बघून हे जव, हा गहू असं सांगणारा लागतो. ही सगळी माणसं आणि प्रयोगशाळा एकाच आवारात असणं हे त्या छोट्या विद्यापीठाचं बळ. हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळी मिळालेल्या सांगाड्यातल्या डीएनएवर २०१९ मध्ये जो निबंध गाजला, त्यामागचं उत्खननही डेक्कन कॉलेजचंच.

भाषाशास्त्र विभाग बोलत्या माणसांकडे जातो. घाटग्यांनी साठच्या दशकात कुडाळी आणि कोचीनकडच्या बोलींची वर्णनं छापली. अलीकडे राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण झालं: गावात जायचं, वेगवेगळ्या वयाच्या आणि समाजांतल्या बायका-पुरुषांना बोलतं करायचं, ध्वनिमुद्रण करायचं. मुलाला मालवणीत ‘झील’ म्हणतात, अहिराणीत ‘आंडोर’. असा कोणता शब्द कुठवर चालतो आणि कुठून बदलतो ते नकाशावर दाखवलं आहे. ही सामग्री संकेतस्थळावर मोफत आहे. आपल्या गावाजवळचं एखादं ठिकाण निवडून तिथली माणसं काय बोलतात ते कुणालाही ऐकता येतं.