वाय-१२३ अतिसंवाहक

इट्रियम, बेरियम आणि तांबे यांचे अणू १:२:३ या प्रमाणात असलेले काळ्या रंगाचे सिरॅमिक ऑक्साइड. सुमारे ९२ केल्विनच्या (−१८१° से.) खाली ते अतिसंवाहक होते : त्याचा विद्युत रोध शून्य होतो आणि ते चुंबकीय क्षेत्राला आपल्या अंगात शिरू देत नाही. द्रवरूप नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, त्यामुळे महागड्या द्रवरूप हेलियमऐवजी द्रवरूप नायट्रोजनात अतिसंवाहकता दाखवता येणारा हा पहिला पदार्थ ठरला. मात्र संशोधकांना तो आजही सोडवत नाही, त्याचे कारण वेगळे आहे. या पदार्थाच्या गोळीतून थोडा ऑक्सिजन काढून घेतला की ती अतिसंवाहक राहत नाही, अँटिफेरोमॅग्नेटिक होते, म्हणजे तांब्याच्या शेजारशेजारच्या अणूंची चुंबकीय आघूर्णे एकमेकांविरुद्ध उभी राहतात. चुंबकत्व आणि अतिसंवाहकता यांच्यातली सीमा येथे केवळ ऑक्सिजनच्या मापाने ओलांडता येते, आणि हे माप बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या महाविद्यालयात असलेल्या साध्या ब्युरेटनेही काढता येते.

कामरलिंग ऑनेस यांना १९११ मध्ये लायडन येथे पाऱ्यात अतिसंवाहकता आढळली, ती ४.२ केल्विनला. चुंबकीय क्षेत्र बाहेर टाकण्याचा गुणधर्म मायस्नर आणि ओक्सेनफेल्ड यांनी १९३३ मध्ये दाखवला. पुढची मोठी उडी १९८६ मध्ये बेडनोर्झ व म्युलर यांनी लँथॅनमच्या तांबे-ऑक्साइडात घेतली (दोघांना १९८७ चे नोबेल पारितोषिक). १९८७ मध्ये वू, चू आणि सहकाऱ्यांनी लँथॅनमच्या जागी इट्रियम घालून ९० केल्विनची मर्यादा ओलांडली. त्याच वर्षी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतूनही या संयुगावरील निबंध प्रसिद्ध झाले.

निर्मिती

दहा ग्रॅम पदार्थासाठी इट्रियम ऑक्साइड १.६९५ ग्रॅम, बेरियम कार्बोनेट ५.९२४ ग्रॅम आणि क्युप्रिक ऑक्साइड ३.५८२ ग्रॅम लागते. तिन्ही पावडरी निदान ९९.९ टक्के शुद्ध असाव्यात. इट्रियम ऑक्साइड हवेतली वाफ व कार्बन डायऑक्साइड धरून ठेवते, म्हणून ते आधी ९००° से.ला तापवून वजन करावे. पावसाळ्यात ही पायरी टाळली तर प्रमाण तिथेच बिघडते. बेरियम कार्बोनेट विषारी आहे. हातमोजे आणि तोंडाला मास्क हवाच, आणि खलाशेजारी चहाचा कप नको.

अकीकाच्या खलात थोडे ॲसिटोन घालून मिश्रण निदान पाऊण तास घोटावे. मग ॲल्युमिनाच्या मुशीत ९००–९२०° से.ला बारा ते अठरा तास भाजावे, थंड झाल्यावर पुन्हा घोटावे, पुन्हा भाजावे. असे दोन-तीनदा करावे लागते, कारण बेरियम कार्बोनेट सहजासहजी फुटत नाही. ते फुटले की नाही हे तराजू सांगतो. ११.२० ग्रॅम मिश्रणातून १.३२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड जायला हवा. घट त्याहून बरीच कमी भरली, तर कार्बोनेट उरले आहे आणि पुढची सारी मेहनत वाया जाणार. उलट गोळी पुढे ऑक्सिजन घेऊ लागते तेव्हा वजन किंचित वाढते, म्हणून ही नोंद भट्टीच्या प्रत्येक फेरीनंतर ठेवावी.

भाजलेली पावडर कोळशासारखी काळी असावी. हिरवट झाक दिसली तर इट्रियमचा वाटा जास्त असलेले, अतिसंवाहक नसलेले संयुग (२११) तयार झाले आहे. याचे एक कारण वजनातली चूक, दुसरे भट्टीचा काटा. साधारण १०१०° से.च्या वर १२३ स्वतःच फुटून २११ आणि द्रवात बदलते. नियंत्रकावर ९४० दिसत असले तरी थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) मुशीपासून दूर असेल, तर आतले तापमान तीस-चाळीस अंशांनी वेगळे असू शकते. नवी भट्टी हाती आली की नमुन्याच्या जागी दुसरे थर्मोकपल ठेवून एकदा तपासणी करून घ्यावी.

ॲल्युमिना बेळगावकरांच्या परिचयाचे आहे, यमनापूरच्या कारखान्यात बॉक्साइटपासून तेच निघते. पण वितळलेले बेरियम-तांबे मिश्रण मूस खाते. मुशीतला ॲल्युमिनियम तांब्याची जागा घेतो आणि संक्रमण तापमान (ज्याखाली अतिसंवाहकता येते ते) खाली येते. म्हणून गोळी थेट मुशीवर न ठेवता त्याच पावडरीचा पातळ थर पसरून त्यावर ठेवावी.

१३ मिमी व्यासाच्या साच्यात दीड-दोन ग्रॅम पावडर घेऊन हायड्रॉलिक प्रेसवर चार-पाच टन भार द्यावा. भार झटकन काढला की गोळीचे पापुद्रे सुटतात, तो सावकाश उतरवावा. गोळी ९३०–९४०° से.ला चोवीस तास भाजावी. गोळी फार घट्ट होणे चांगले नाही. थोडी छिद्रे असली तर ऑक्सिजन आत पोचतो.

ऑक्सिजन भरणे

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. ९४०° से.ला संयुगातील ऑक्सिजन कमी असतो आणि स्फटिकरचना चौरस तळाची (टेट्रागोनल) असते. थंड होताना, साधारण ७००° से.च्या आसपास, ऑक्सिजन तांब्याच्या साखळ्यांत ओळीने बसू लागतो, रचना आयताकृती तळाची (ऑर्थोऱ्हॉम्बिक) होते आणि तांबे-ऑक्सिजनच्या पातळ्यांना लागणारे विद्युत भार मिळतात. म्हणून भट्टी मिनिटाला एक अंश या गतीने ४५०–५००° से.पर्यंत आणून ऑक्सिजनच्या प्रवाहात चोवीस तास ठेवतात. त्याहून खाली गेल्यास अणू हलायला फार वेळ लागतो, वर राहिल्यास ऑक्सिजन टिकत नाही.

उद्यमबाग व मच्छे येथे फाउंड्री आणि वेल्डिंगची कामे चालतात, त्यामुळे बेळगावात औद्योगिक ऑक्सिजनचे सिलिंडर मिळतात आणि या कामाला ते चालतात. मिनिटाला १०० मिली प्रवाह पुरे. दिवसाला १४४ लिटर वायू लागतो, म्हणजे सात घनमीटरचा सिलिंडर बरेच दिवस टिकतो. वायू आधी सिलिका जेलच्या नळीतून न्यावा. रेग्युलेटरच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये, शुद्ध ऑक्सिजनमध्ये ते पेट घेते.

मध्येच वीज गेली तर घाबरायचे कारण नाही. ऑक्सिजन कमी बसणे हा दोष दुरुस्त होतो : तीच गोळी पुन्हा ४५०° से.ला ऑक्सिजनमध्ये ठेवली की काम भागते. वीज परत आल्यावर काही नियंत्रक कार्यक्रम पहिल्या पायरीपासून सुरू करतात आणि गोळी परत ९४०° से.ला नेतात, एवढ्याकडे लक्ष ठेवावे.

ऑक्सिजनचे माप

क्ष-किरण विवर्तन (तांब्याच्या नळीतील क्ष-किरणांनी) घेतले तर आलेखात ३२.५° ते ३२.९° या कोनांदरम्यान शिखर दुभंगलेले दिसते. ते एकच दिसले तर रचना टेट्रागोनल राहिली आहे. पण नेमका आकडा आयोडिनमापनातून मिळतो. बी. एस्सी.च्या विद्यार्थ्याला येणारे हे काम आहे.

सुमारे १०० मिलिग्रॅम बारीक पावडर विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून उकळावी. जादा संयुजेचे तांबे ऑक्सिजन सोडून दोन संयुजेवर येते. थंड झाल्यावर पोटॅशियम आयोडाइड घालून सुटलेले आयोडिन ०.०२ मोलर थायोसल्फेटने मोजावे, शेवटाला स्टार्च. १०० मिलिग्रॅमला २२.५ मिलीच्या आसपास वाचन येते. दुसऱ्या नमुन्यात आम्लात आधीच आयोडाइड घालून, नायट्रोजनच्या प्रवाहात, न उकळता पावडर विरघळवावी. येथे जादा संयुजेचे तांबेही आयोडिन सोडते आणि वाचन मोठे येते. दुसऱ्या वाचनाला पहिल्याने (दोन्ही समान वजनावर आणून) भागले की जो गुणोत्तरांक येतो, त्यातून एक वजा करून उरलेल्याला १.५ ने गुणून ६.५ मिळवावेत. हीच सूत्रातली ऑक्सिजनसंख्या. २९.० मिली वाचन आले तर ती ६.९३ होते, आणि संक्रमण तापमान जवळपास कमाल असते. ती ६.६ च्या आसपास आली तर संक्रमण ६० केल्विनजवळ, ६.४ च्या खाली गेली तर अतिसंवाहकता नाहीच. ६.० ला चुंबकीय मांडणी थेट ४०० केल्विनच्या वर टिकते, म्हणजे उकळत्या पाण्याहून गरम असतानाही. नायट्रोजनचा प्रवाह विसरला तर हवेतील ऑक्सिजन आयोडाइडचे आयोडिन करतो आणि गोळी आहे त्यापेक्षा चांगली भासते. चांगले निकाल आले की आधी ही शंका घ्यावी.

शीतन व चाचणी

जिल्ह्यात द्रवरूप नायट्रोजन नवा नाही. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या रेतमात्रा त्यातच ठेवतात. प्रात्यक्षिकासाठी थर्मोकोलच्या भांड्यात पाव ते अर्धा लिटर पुरतो. एक लिटर द्रवापासून सुमारे ६९० लिटर वायू होतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि झाकण कधीही घट्ट बसवू नये.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब कमी असल्याने नायट्रोजन येथे ७७.४ ऐवजी साधारण ७६.७ केल्विनला उकळतो. शंभर ओहमच्या प्लॅटिनम तापमापकाचा रोध पुस्तकात २०.३ ओहम दिलेला असतो, इथे तो २०.०५ ओहमच्या जवळ येईल. तापमापक खराब समजून बदलण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

रोध चार टोकांनी मोजतात : बाहेरच्या दोन तारांतून १–१० मिलिअँपिअर प्रवाह, आतल्या दोन तारांवर विभवांतर. दोन तारांनी मोजले तर सिल्व्हर पेंटच्या जोडाचा रोधच मोजला जातो आणि शून्य कधी दिसत नाही. प्रत्येक तापमानाला प्रवाहाची दिशा उलटवून दोन वाचनांची सरासरी घ्यावी, नाहीतर तारांच्या जोडांवरील औष्णिक विभवांतर मायक्रोव्होल्टमध्ये मिसळते. तापमापक गोळीला चिकटलेला असावा आणि थंड करण्याचा वेग मिनिटाला एक अंशापेक्षा कमी असावा. थंड होताना व तापताना वक्र वेगळे येत असतील, तर ते घाईचे लक्षण.

रोध शून्य होणे एवढ्यावर अतिसंवाहकता सिद्ध होत नाही. गोळी चुंबकीय क्षेत्रात ठेवूनच थंड करावी आणि तरीही क्षेत्र बाहेर पडते का ते पाहावे, कारण नुसता परिपूर्ण वाहक आत असलेले क्षेत्र तसेच अडकवून ठेवील. चुंबक तरंगतो ते दोन कारणांनी : क्षेत्र बाहेर टाकले जाते, आणि काही क्षेत्ररेषा दोषांत अडकतात. दुसऱ्यामुळेच चुंबक बाजूला घसरत नाही. २०२३ मध्ये दक्षिण कोरियातून एलके-९९ या पदार्थाचा सामान्य तापमानावरील अतिसंवाहकतेचा दावा आला, तेव्हा रोधातली अचानक घट कॉपर सल्फाइडच्या सुमारे १०४° से.च्या संक्रमणाची निघाली आणि अर्धवट तरंगणे चुंबकीय अशुद्धीचे होते.

प्रात्यक्षिक संपल्यावर थंड गोळीवर दव जमते. पाणी व हवेतील कार्बन डायऑक्साइड लागून पृष्ठभागावर बेरियम कार्बोनेटची पांढरी बुरशी येते. बेळगावच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत उघडी गोळी लवकर खराब होते. ती कोरड्या वायूत वर आणून सिलिका जेलसह बंद डबीत ठेवावी.

आजचे प्रश्न

तांबे-ऑक्साइडांतील इलेक्ट्रॉनजोड्या चुंबकीय हालचालींमुळेच बांधल्या जातात का, यावर अजून एकमत नाही. म्हणून तांब्याच्या शेजाऱ्यांकडे लक्ष गेले : निकेल-ऑक्साइडांच्या पातळ थरांत २०१९ मध्ये अतिसंवाहकता मिळाली, आणि २०२३ मध्ये लँथॅनमच्या निकेल-ऑक्साइडात १४ गिगापास्कलच्या (एक गिगापास्कल म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पट) वर ८० केल्विनच्या जवळ. हायड्रोजनच्या संयुगांनी २५० केल्विन गाठले, पण तेही १७० गिगापास्कलसारख्या दाबाला.

मर्यादित साधनांत करण्याजोगा, तरीही याच प्रश्नाला भिडणारा प्रयोग म्हणजे तांब्याच्या जागी जस्त घालणे. तांब्याचे एक टक्का अणू बदलले तरी संक्रमण तापमान सुमारे दहा केल्विनने उतरते. निकेलने होणारी घट बरीच लहान असते. जस्त चुंबकीय नाही, निकेल आहे. साध्या अतिसंवाहकात उलटे घडले असते. जस्ताभोवतीच्या तांब्यावर मात्र चुंबकीय आघूर्ण उगवते, हे यातले विलक्षण आहे. इट्रियमच्या जागी गॅडोलिनियम घातले तर तेही चुंबकीय आहे, पण संक्रमण ९२ केल्विनलाच राहते, आणि गॅडोलिनियमचे अणू २.२ केल्विनला वेगळीच मांडणी करतात. यावरून चुंबकीय अणू तांबे-ऑक्सिजनच्या पातळीत बसला आहे की पातळीबाहेर, यालाच महत्त्व आहे हे दिसते.

शून्य, अर्धा, एक, दोन आणि तीन टक्के जस्ताची मालिका एकाच पावडरीतून आणि एकाच भट्टीफेरीत करावी, आणि आयोडिनमापनाने सर्वांचा ऑक्सिजन समान असल्याची खात्री करावी. ऑक्सिजन वेगवेगळा असेल तर तापमानातली घट जस्ताची की ऑक्सिजनची हे सांगता येणार नाही. चुंबकीय मापनासाठी नमुना धारवाड वा कोल्हापूरच्या विद्यापीठीय उपकरण केंद्रांत, किंवा इंदूरच्या यूजीसी-डीएई (विद्यापीठ अनुदान आयोग व अणुऊर्जा विभाग) केंद्राकडे पाठवता येतो. २०–५० मिलिग्रॅम पुरतात. ते प्लास्टिकच्या चिमट्याने उचलावेत. स्टीलच्या चिमट्याने लागलेला लोखंडाचा कण इतक्या लहान नमुन्यावर फेरोमॅग्नेटिक (लोहचुंबकाचा) वक्र दाखवतो, आणि एवढ्या श्रमाने केलेली मालिका नको त्या चुंबकत्वाखाली झाकली जाते.