मूल नेमकं कुठे अडलंय? जुन्या ठाणे जिल्ह्यापासून आजच्या पातळीनिहाय वर्गांपर्यंत

तिसरी ते पाचवीच्या मुलांची आधी वाचनचाचणी घ्यायची, इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट पाडायचे आणि रोज ठरलेला वेळ त्या गटांनाच द्यायचा, ही पद्धत आता ठाणे आणि नवी मुंबईतल्या शिक्षकांना नवी राहिलेली नाही. २०१९ साली अशा शैक्षणिक प्रयोगांची काटेकोर तपासणी करणाऱ्या अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा हे सगळं परदेशी विद्यापीठांतून आलं असा समज पसरला. मोजमापाची शिस्त तिकडून आली, हे खरं. पण मूल शिकत नसेल तर शाळेची मांडणी बदलून बघायची, हा विचार आपल्याच जिल्ह्यात त्याच्या कितीतरी आधी रुजला होता. तो समजल्याशिवाय आजच्या वर्गांत काय बिघडतं हेही नीट कळत नाही.

सुरुवात डहाणू तालुक्यातल्या बोर्डीपासून करावी लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा होईपर्यंत डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हा सगळा पट्टा ठाणे जिल्ह्यातच होता. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीचं काम करून आल्या होत्या. १९२६ साली सुरू झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं आणि त्याच वर्षी अनुताई वाघ तिथे आल्या. माँटेसरीचं मूळ साहित्य महाग होतं आणि खेड्याला परवडण्यासारखं नव्हतं. म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं, बांबूचे तुकडे यांतून मोजणी, वर्गीकरण आणि लहान-मोठं शिकवायला सुरुवात झाली. बालवाड्या दोन तऱ्हेच्या होत्या. एक ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी भरणारी. दुसरीत मुलं येत नाहीत म्हटल्यावर ताईच वस्तीतल्या अंगणात जायच्या आणि तिथेच वर्ग भरवायच्या. आज गावोगाव असलेल्या अंगणवाडीचं मूळ या दुसऱ्या तऱ्हेत आहे. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना त्यानंतर तीस वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि अडचणीही बदलल्या. वारली घरातली आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड असतं. मुलगा येत नाही, कारण त्याच्याकडे गुरं असतात. पहिल्या अडचणीसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, ती विकासवाडी. दुसऱ्या अडचणीसाठी शिक्षक गुरांमागे कुरणात गेले, ती कुरणशाळा. गैरहजेरीचं खापर पालकांच्या अनास्थेवर न फोडता कारण शोधायचं आणि त्याप्रमाणे शाळेची जागा नाहीतर वेळ बदलायची, ही रीत इथे बसली. तिला तेव्हा कोणी संशोधन म्हटलं नाही, पण निरीक्षण, बदल आणि पुन्हा निरीक्षण हा क्रम त्यात होता. नव्वदच्या दशकात वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर विधायक संसद या संस्थेने भोंगाशाळा काढल्या, त्यामागेही हाच विचार होता. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची पेंढा-गवताची झोपडी. कुटुंब दिवाळीनंतर भट्टीवर जातं आणि पावसाच्या तोंडावर परत येतं, म्हणजे शाळेचं निम्म्याहून जास्त वर्ष बुडतं. मग शाळाच भट्टीवर न्यायची.

इथपर्यंत प्रश्न मूल शाळेत कसं येईल हाच होता. पटनोंदणी वाढली तसा खालचा प्रश्न वर आला. मूल रोज येतं, हजेरी लागते, दरवर्षी वरच्या वर्गात जातं, पण चौथीत त्याला पहिलीचा उतारा वाचता येत नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने हा पेच आणखी ठळक केला. कधीच शाळेत न गेलेलं नऊ वर्षांचं मूल वयानुरूप थेट चौथीत बसतं. कायद्यात त्यासाठी विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे, पण वर्गशिक्षकाच्या हातात पुस्तक मात्र चौथीचंच असतं.

या दुसऱ्या प्रश्नावरचं काम खाडीपलीकडे आधीच सुरू झालं होतं. वाशीची खाडी ओलांडली की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र लागतं, त्याची स्थापना १९७४ ची. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथून एक मुद्दा लावून धरला. विज्ञानात मागे पडणाऱ्या मुलांची अडचण पुष्कळदा विज्ञानाची नसते, पुस्तकी मराठीची असते. आजही पाड्यावरच्या शाळेत हे लख्ख दिसतं. घरी कातकरी किंवा ठाकरी बोलणाऱ्या मुलाला ‘खालीलपैकी योग्य पर्याय निवडा’ हे वाक्यच परकं असतं. तोच प्रश्न तोंडी, साध्या शब्दांत विचारा, पुष्कळदा उत्तर येतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मुंबईत माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी ‘प्रथम’ या शिक्षणसंस्थेची उभारणी केली. आधी बालवाड्या आल्या, मग पालिका शाळांत बालसखी. बालसखी म्हणजे वस्तीतलीच, शाळा पुरी केलेली तरुणी. तिला साधारण दोन आठवड्यांचं प्रशिक्षण मिळे. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं शाळेच्या वेळातच दोन तास तिच्याकडे येत. २००१ ते २००३ मध्ये मुंबई आणि वडोदऱ्यात या योजनेची शास्त्रशुद्ध तपासणी झाली. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं आणि दुसऱ्या शाळांतल्या, बालसखी न मिळालेल्या त्याच इयत्तेशी तुलना केली. पहिल्या वर्षी सरासरी ०.१४ प्रमाण विचलनाची वाढ दिसली, दुसऱ्या वर्षी ०.२८ ची. शंभर मुलं गुणांच्या क्रमाने उभी केली, तर बरोबर मध्यावर असलेलं मूल एकसष्टाव्या जागेपर्यंत सरकतं, एवढी ही दुसरी वाढ. ती मुख्यतः तळाच्या मुलांची होती.

२००७ मध्ये छापून आलेल्या या अभ्यासातल्या दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. बालसखीकडे गेलेली मुलं वजा झाल्यावर मूळ वर्गात गर्दी कमी झाली, तरी मागे राहिलेल्यांना त्याचा फायदा झाल्याचं आढळलं नाही. म्हणजे नुसता पट कमी करून भागत नाही, पातळीला धरून शिकवावं लागतं. दुसरी गोष्ट जास्त बोचरी आहे. योजना संपून वर्ष गेल्यावर कच्च्या मुलांची आघाडी ०.१० च्या आसपास उरली. मूल वाचायला लागलं म्हणून वर्ग बंद केला की काय होतं, त्याचा हा आकडा.

मग २००५ पासून ‘असर’ची, म्हणजे ग्रामीण भागातल्या मुलांचं वाचन आणि गणित घरोघरी तपासणारी, वार्षिक पाहणी सुरू झाली. जिल्ह्यातली ३० गावं, प्रत्येकी २० घरं आणि घरी बसूनच मुलाची चाचणी. हे साधन आज वर्गातही वापरतात, म्हणून ते नीट समजून घ्यायला हवं. सुरुवात अक्षरांपासून करायची नसते, पहिलीच्या पातळीच्या उताऱ्यापासून करायची. उतारा वाक्य म्हणून, ओघात आणि तीनपेक्षा जास्त चुका न करता वाचला, तर दुसरीच्या पातळीची गोष्ट द्यायची. अडलं तर शब्द. पाचांपैकी चार बरोबर आले तर ‘शब्द’ पातळी. नाहीतर अक्षरं, तिथेही पाचांत चार. तीही जमली नाहीत तर ‘प्रारंभिक’.

चुका ठरलेल्या आहेत. सगळ्या वर्गासमोर चाचणी घेतली की तिसऱ्या मुलापासून पुढच्यांचा उतारा पाठ झालेला असतो. म्हणून नमुने किमान दोन-तीन ठेवायचे आणि मुलाला बाजूला घ्यायचं. एकेक शब्दावर थांबत उतारा पार करणाऱ्या मुलाला दयेपोटी ‘उतारा’ देऊ नये. ते शब्द पातळीचंच आहे आणि वरच्या गटात गेलं तर गप्प बसायला शिकतं. घ-ध, भ-म, थ-य यांत घोळ होत असेल तर अक्षरओळख कच्ची आहे. अक्षरं बरोबर पण ‘कि’चं ‘की’ होत असेल तर मात्रा-वेलांटी कच्ची आहे, त्याला रोज बाराखडीचा तक्ता मोठ्याने आणि बोट ठेवून वाचायला लावणं पुरतं. दोन्हींवर एकच उपाय केला की वेळ फुकट जातो. मुंब्र्याच्या उर्दू शाळेत मराठी उताऱ्याचं भाषांतर देऊन भागत नाही, त्या लिपीतली अडचण निराळी, म्हणून साधनही निराळं बनवावं लागतं.

गणितातही तसंच. ४१ मधून २४ वजा करताना मूल २३ लिहितं, तेव्हा ते निष्काळजी नसतं. एककाच्या घरात मोठ्या अंकातून लहान वजा करायचा, हा त्याने स्वतः लावलेला नियम असतो. दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि एक सुटी काडी हातात द्या. चार सुट्या काड्या मागितल्या की गठ्ठा सोडावा लागतो हे त्याचं त्यालाच दिसतं, हातच्याचं चिन्ह त्यानंतर. फळ्यावर आधी हातचा आणि मग काड्या, असा उलटा क्रम सर्रास चालतो.

पुढचे प्रयोग महाराष्ट्राबाहेरचे, पण धडा सगळीकडे लागू. बिहार आणि उत्तराखंडात शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, वर्गाचा दिनक्रम मात्र तोच राहिला. फरक जवळपास पडला नाही. उत्तराखंडात तर स्वयंसेवकांना शाळांनी नियमित शिक्षकांसारखं वर्गावर लावून टाकलं. २०१२-१३ ला हरियाणात रोज एक तास राखून ठेवला, इयत्ता मोडून गट केले आणि वर्गात येऊन मदत करणारे पर्यवेक्षक नेमले, तेव्हा हिंदीत ०.१५ ची वाढ मिळाली. उत्तर प्रदेशात २०१३-१४ ला दहा किंवा वीस दिवसांच्या तुकड्यांत शिबिरं घेतली, शाळेचे ४० दिवस आणि उन्हाळ्यातले १०. तिथे वाढ ०.६ ते ०.७ होती. पद्धत तीच, साहित्यही बहुतेक तेच, फरक वेळ राखण्यात आणि देखरेखीत.

महाराष्ट्रात २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र आला आणि ५ जुलै २०२१ ला केंद्राचं निपुण भारत. दोन्हींत पायाभूत वाचन आणि गणित अग्रभागी आहे, हे बरंच झालं. खटकतं ते एवढंच की चाचणीचा तक्ता वर पाठवण्यासाठी भरला जातो, आणि गट पुन्हा पाडायचे असतात हे राहून जातं. पहिल्या चाचणीत ‘अक्षर’ला असलेलं मूल दहा-बारा दिवसांत शब्दांवर येऊ शकतं. त्याला हलवलं नाही की तो गट कायमचा ‘ढ’ ठरतो आणि तोच गट बहुधा सगळ्यात नवख्या स्वयंसेवकाच्या गळ्यात पडतो. खरं तर तिथे सगळ्यात अनुभवी माणूस हवा.

प्रौढांकडेही एक नजर टाकायला हवी. मुरबाड तालुक्यात फांगणे इथे ८ मार्च २०१६ ला जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या, गुलाबी लुगडी आणि दुपारी दोन ते चार ही वेळ. दुपारची, कारण सकाळी घरची आणि शेतातली कामं. फोटो लुगड्यांचे निघाले, शिकण्यासारखी गोष्ट वेळेची होती. कोसबाडला वेळ गुरांकडे पाहून ठरली, इथे चुलीकडे पाहून. नवभारत साक्षरता कार्यक्रमात १७ मार्च २०२४ ला राज्यात जी परीक्षा झाली, ती वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५० अशी १५० गुणांची होती. वर्ग घेणाऱ्याने या तिन्हींची तयारी एका चालीने करू नये. प्रौढांना तोंडी हिशेब आधीच येत असतो, सगळ्यात जास्त वेळ लेखनाला लागतो, कारण बोटांना पेन्सिलीची सवय नसते. पहिले काही दिवस पाटीवर मोठ्या रेघा आणि स्वतःचं नाव, एवढंच.

शहापूर, मुरबाड, भिवंडीच्या स्थलांतर करणाऱ्या पाड्यांवर शिबिराचं वेळापत्रक शासनाच्या दिनदर्शिकेवरून आखू नये. जूनमध्ये भात पेरणीची गडबड असते, जुलैत लावणी असते आणि पावसाने पाडे तुटतात. ऑगस्टच्या मध्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचे आठवडे हाताशी असतात, त्यात दहा-दहा दिवसांची निदान दोन शिबिरं बसतात. शेवटच्या चाचणीची पातळी मुलाच्या शिक्षण हमी कार्डावर, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या मुलाबरोबर दिल्या जाणाऱ्या कार्डावर, लिहून द्यावी. नोव्हेंबरात ते मूल भट्टीजवळच्या शाळेत दाखल झालं की तिथल्या शिक्षकाला मग इयत्तेच्या पुस्तकापासून सुरुवात करावी लागत नाही.