पार्श्वभूमी : ‘आलेले’ दिव्यांगत्व आणि स्वमग्न कर्मचाऱ्याची नोकरी

सातारा-सांगली पट्ट्यात एखाद्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) कर्मचाऱ्याची नोकरी जाते, तेव्हा त्याच्या हाती पडणाऱ्या आदेशात स्वमग्नतेचा शब्द सहसा नसतो. ‘परिविक्षा काळातील काम समाधानकारक नाही’, ‘वरिष्ठांशी उद्धट वर्तन’, ‘सभासदांच्या तक्रारी’ अशी कारणे नोंदलेली असतात. दिव्यांगत्वाचा मुद्दा निघतो तो नंतर, बहुधा घरच्यांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे नेल्यावर. आणि मग वाद रंगतो तो त्या व्यक्तीला कोणती सोय द्यायला हवी होती यावर नव्हे, तर तिचे दिव्यांगत्व नेमके कधीचे यावर. या विचित्र वळणाचे मूळ 1995 च्या अपंग व्यक्ती अधिनियमात आहे.

त्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि स्वमग्नता त्यांत नव्हती. त्याच्या कलम 47 ने मात्र एक भक्कम संरक्षण दिले: सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला कामावरून काढता येणार नाही किंवा खालच्या पदावर ढकलता येणार नाही, तो आपल्या पदाचे काम करू शकत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे, आणि तेही नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरचे, पद निर्माण करून त्याला सामावून घ्यावे. कलम वाचताना डोळ्यांसमोर येतो तो अपघातात पाय गमावलेला बसचालक किंवा दृष्टी गेलेला शिपाई. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता प्रथमच नावानिशी आली, पण त्याचा भर पालकत्व आणि सांभाळ यांवर होता. स्वमग्न माणूस कोणाचा तरी पाल्य असेल, कोणाचा तरी कर्मचारीही असेल, हे तेव्हा फारसे कोणाच्या मनात आले नसावे.

19 एप्रिल 2017 पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने प्रकार सातावरून 21 वर नेले, सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण तीनऐवजी किमान चार टक्के केले आणि त्यातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता या सर्वांत मिळून ठेवला. जुन्या कलम 47 चा गाभा नव्या कलम 20 च्या चौथ्या पोटकलमात उतरला, आणि त्याच्याबरोबर ‘सेवेत असताना आलेले’ ही अटही उतरली. गंमत अशी की, याच कायद्याच्या अनुसूचीत स्वमग्नतेची व्याख्या ‘सामान्यतः आयुष्याच्या पहिल्या तीन वर्षांत दिसून येणारी’ अवस्था अशी आहे. वयाच्या तिसऱ्या वर्षाच्या आत कोणी नोकरीला लागत नाही. शब्दशः वाचल्यास हे पोटकलम स्वमग्न कर्मचाऱ्याला कधीच लागू होणार नाही.

यावर दोन वाचने चालतात. पहिले नियोक्त्यांच्या सोयीचे आहे: दिव्यांगत्व जन्मापासूनचे असेल तर ते सेवेत आले नाही, आणि रुजू होताना वैद्यकीय घोषणापत्रात ते लिहिले नसेल तर उलट माहिती दडवल्याचाच ठपका ठेवता येतो. तिशीपर्यंत स्वतःलाच ठाऊक नसलेली गोष्ट दडवता कशी येते, याचे उत्तर या वाचनात नाही. दुसरे वाचन प्रमाणपत्राची तारीख हीच ‘आल्याची’ तारीख मानते. ते दयाळू वाटते, पण नोटिशीनंतर मिळालेले प्रमाणपत्र मग पश्चात्बुद्धी ठरते. माझ्या मते दोन्ही वाचने चुकीच्या दारावर थाप मारतात. भेदभावाला मनाई करणारे कलम 3 आणि सरकारी आस्थापनेला वाजवी सोय देण्यास बांधणारे कलम 20 चे दुसरे पोटकलम यांत ‘कधीपासून’ हा प्रश्नच येत नाही. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निमलष्करी दलातील अधिकाऱ्याच्या प्रकरणात, गैरवर्तनामागे मानसिक दिव्यांगत्व हे अनेक कारणांपैकी एक असले तरी त्यावरून चालवलेली शिस्तभंगाची कारवाई भेदभाव ठरू शकते, असे म्हटले. तो निकाल स्वमग्नतेवरचा नव्हता, तरी युक्तिवाद लागू पडतो.

प्रमाणपत्राची वाटही सोपी नाही. एप्रिल 2016 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी स्वमग्नता मोजण्याची भारतीय मोजपट्टी ठरवून दिली: 40 बाबी, प्रत्येकीला एक ते पाच गुण, आणि 70 गुणांना 40 टक्के दिव्यांगत्व. पहिलीच बाब नजरेला नजर न देण्याची आहे. समोरच्याच्या भुवयांकडे पाहत बोलायला स्वतःला शिकवून घेतलेला कारकून तिथे गुण कमी मिळवतो आणि 70 गुणांच्या रेषेच्या अलीकडे राहतो.

आपल्या भागात यात आणखी एक पेच आहे. इथल्या नोकऱ्या मोठ्या प्रमाणात सहकारातल्या: कारखाना, बँक, दूध संघ. कायद्याने सहकारी संस्था ‘खासगी आस्थापना’ या व्याख्येत घातल्या आहेत, त्यामुळे कलम 20 त्यांना सरळ लागू होत नाही. समान संधी धोरण जाहीर करणे मात्र त्यांनाही बंधनकारक आहे. पुण्यातील राज्य आयुक्तांकडे दाद मागता येते, पण तिथून मिळते ती शिफारस. म्हणून वकील बहुधा 1971 च्या राज्य कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची तक्रार करतात. तिची मुदत 90 दिवस. उशीर माफ होऊ शकतो, पण कारण पटवावे लागते. इकडे सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तपासणीच्या तारखांची वाट पाहण्यातच हे दिवस सरतात.

कृष्णाकाठच्या एका कारखान्यातील कारकुनाचे कागद पाहण्यात आले. सहा गळीत हंगाम तो वजनकाट्यावर होता आणि त्याच्या पावत्यांत चूक सापडत नसे. सातव्या हंगामात त्याला ऊसबिलाच्या खिडकीवर बसवले. गर्दी ओरडू लागली की तो कानांवर हात ठेवी आणि खिडकीचे दार ओढून घेई. तीन तक्रारींनंतर कारणे दाखवा नोटीस निघाली. तिला त्याचे उत्तर एका ओळीचे होते: ‘खिडकी बंद केली हे खरे आहे.’ चौकशी अधिकाऱ्याने त्या ओळीच्या बाजूला ‘उर्मट खुलासा’ असा शेरा मारला आहे. पुन्हा काट्यावर पाठवण्याचा विचार झाल्याची नोंद कागदांत कुठेही नाही. निदान झाले ते बडतर्फीनंतर, तक्रार दाखल झाली 87 व्या दिवशी. ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते, त्यामुळे वरच्या दादेसाठी सांगली-साताऱ्याच्या माणसाला आता मुंबई गाठावी लागत नाही. त्याचे प्रकरण मात्र अजून खालच्या न्यायालयातच आहे. तिथे कारखान्याने दिलेल्या लेखी जबाबाच्या चौथ्या परिच्छेदात म्हटले आहे की, तक्रारदाराच्याच डॉक्टरांच्या म्हणण्यानुसार सदर अवस्था जन्मजात असल्याने ती सेवेत असताना आलेली नाही.