अडीच हेक्टरला अर्धा किलो माती: काटेकोर शेतीची पार्श्वभूमी

सध्या बारामतीच्या उसातल्या एआयची (कृत्रिम बुद्धिमत्तेची) एवढी चर्चा चाललीय की काटेकोर शेती, म्हणजे प्रिसिजन फार्मिंग, म्हणजे मोबाईलवर मेसेज येणार आणि त्याप्रमाणं पाणी-खत सोडायचं, असंच सगळ्यांना वाटायला लागलंय. ड्रोन, सेन्सर, हवामान स्टेशन म्हणजे काय ते आता सगळ्यांना माहितीय, त्यात शिरत नाही. पण हे सगळं ज्या प्रश्नावर उभं आहे तो प्रश्न फार जुना आहे, आणि आपल्याकडं त्याचं एक उत्तर सरकारी पातळीवर देऊनही झालंय, तेही बऱ्यापैकी चुकीचं, असं माझं मत. प्रश्न साधा आहे: खताचा एक डोस जमिनीच्या केवढ्या तुकड्याला लागू धरायचा? गावाला, गटाला, एकराला की गुंठ्याला?

परदेशातलं थोडक्यात सांगतो. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९२९ सालच्या एका परिपत्रकातच शेतकऱ्यांना सांगितलं होतं की शेताचे चौकोन पाडा, जागोजागची माती तपासा, नकाशा करा आणि जमीन आम्ल असेल तिथंच चुना टाका. पुढं ट्रॅक्टर मोठे झाले, खत स्वस्त झालं आणि सगळ्या रानाला एकच डोस मारायची सवय पडली. १९९० च्या दशकात कापणी यंत्रावर उत्पादन मोजणारे मॉनिटर आले आणि एकाच शेतात कुठं किती पिकतं हे रंगीत नकाशावर दिसायला लागलं. नागरी जीपीएसमध्ये तोपर्यंत मुद्दाम चूक मिसळलेली असायची, शंभरेक मीटरपर्यंत, ती मे २००० मध्ये काढून टाकली आणि मग गाडी सुसाट सुटली. तिथं बऱ्याच भागात माती नमुन्यासाठी अडीच एकरांचा चौकोन रूढ झाला. हा अडीचचा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आपल्याकडं माती परीक्षण १९५५-५६ पासून, सुरुवात देशभरात मिळून १६ प्रयोगशाळांनी. रिपोर्ट यायचा तो कमी, मध्यम, जास्त असा, आणि कमी असेल तर शिफारशीपेक्षा चौथाई जास्त, जास्त असेल तर चौथाई कमी, असा बऱ्याच ठिकाणी ढोबळ हिशोब. १९६७ च्या आसपास मात्र एक फार चांगलं काम झालं जे आजही लोकांना नीट माहीत नाही, ते म्हणजे अपेक्षित उत्पादनाचं समीकरण. तुम्हाला एकरी किंवा हेक्टरी किती क्विंटल पाहिजे तो आकडा घ्या, त्याला पिकाच्या एका ठरलेल्या आकड्यानं गुणा, त्यातून मातीत आधीच किती आहे त्याचा हिस्सा वजा करा, उरलं तेवढं खत. पीक आणि जमिनीचा प्रकार बदलला की समीकरण बदलतं. म्हणजे सॅटेलाईट नव्हता, जीपीएस नव्हतं, तरी जागेप्रमाणं खत ही कल्पना आपल्याकडं कागदावर तयार होती. अडचण फक्त एवढीच की समीकरणात घालायचा मातीचा आकडा नक्की कोणत्या जागेचा.

आता शब्दाचा गोंधळ. आपल्याकडं प्रिसिजन फार्मिंग म्हटलं की दहातले आठ जण ठिबक म्हणतात, आणि ते उगाच नाही. देशात ठिबक, मल्चिंग, शेडनेटचा प्रचार करायला प्लास्टिकल्चरची, म्हणजे शेतीतल्या प्लास्टिक वापराची, केंद्रं होती, त्याच केंद्रांची पुढं पाटी बदलली आणि ती प्रिसिजन फार्मिंगची केंद्रं झाली. त्यात २००४-०५ ला तमिळनाडूत धर्मपुरी आणि कृष्णगिरी या दोन जिल्ह्यांत ४०० हेक्टरांवर मोठा प्रकल्प झाला, त्यात ठिबक, विद्राव्य खतं, ट्रेमधली रोपं आणि मालाची एकत्र विक्री असं सगळं होतं. भाजीवाल्यांना फायदा झाला, तो प्रकल्प चांगलाच होता. पण एका शेतातल्या दोन कोपऱ्यांना वेगळं खत, हा जो मूळ अर्थ, तो त्यात मुख्य नव्हता. ठिबकनं खत झाडापाशी जातं हे खरं, पण एका व्हॉल्व्हवरच्या सगळ्या झाडांना तेच जातं. मुरमातल्यालाही तेवढंच आणि काळीतल्यालाही तेवढंच.

खरा काटेकोरपणा मला तरी नाशिकच्या द्राक्षवाल्यांत दिसला. ते मातीवर थांबत नाहीत, देठ तपासतात. खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यातली, नवीन काड्यांसाठीची छाटणी) ४५ दिवसांच्या आसपास ठरलेल्या पानाचा देठ काढायचा, पातं टाकून द्यायचं, मग फळछाटणीनंतर फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा. प्लॉट वेगळा तर पिशवी वेगळी, आणि रिपोर्ट आला की त्या प्लॉटचा पोटॅश वाढवा नाहीतर बंद करा. कारण उघड आहे, एकरी खर्च लाखांत आणि माल युरोपला जायचा. सोयाबीनवाल्याला हे परवडत नाही आणि सगळा इतिहास तिथंच अडतो.

म्हणून मग येतं ते केंद्र सरकारचं मृदा आरोग्य कार्ड. १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानात सुरतगढला योजना सुरू झाली, देशातल्या सगळ्या, म्हणजे चौदा कोटींच्या आसपास खातेदारांना माती तपासून कार्ड द्यायचं, त्यावर १२ गोष्टी: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू (आम्ल-विम्लता, पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. हेतूबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती एका ओळीबद्दल, जी त्या वेळी कुणी फारशी वाचली नाही: बागायतीत अडीच हेक्टरांच्या ग्रिडला, म्हणजे नकाशावरच्या चौकोनाला, एक नमुना, जिरायतीत दहा हेक्टरांच्या ग्रिडला एक. आणि त्या ग्रिडमध्ये जेवढे शेतकरी येतील त्या सगळ्यांना त्याच नमुन्याचा निकाल.

आता हिशोब करा. अडीच हेक्टर म्हणजे सहा एकरांच्या वर, जवळजवळ २४७ गुंठे. दहा हेक्टर म्हणजे पावणेपंचवीस एकर. आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात सरासरी खातं १.३४ हेक्टरांचं. म्हणजे कार्डावर नाव तुमचं, गट नंबर तुमचा आणि माती बांधापलीकडच्या भाऊबंदाची असू शकते. हजार-दोन हजार एकर कसणाऱ्या अमेरिकेतल्या शेतकऱ्याला अडीच एकरांना एक नमुना, आणि आपल्या तीन एकरवाल्याला अडीच हेक्टरांना एक! युनिट तेवढं बदललं.

आमच्याकडं हे लक्षात आलं ते असंच, पारावर. तिघांनी कार्डं शेजारी-शेजारी धरली तर सेंद्रिय कर्ब तोच, सामू तोच, झिंक सुद्धा दशांशापर्यंत तोच. लगेच घोटाळ्याची बोंब झाली. घोटाळा नव्हता हो, नियमच तसा होता, फक्त तो कुणी समजावून सांगितला नव्हता. आणि तिघांपैकी एकाचं रान वरच्या अंगाला, फावडं मारलं की मुरूम वाजतो, दुसऱ्याचं मधलं, आणि तिसऱ्याचं खाली ओढ्याला लागून, पाट पाण्यानं चोपण (क्षारांनी बिघडलेलं) झालेलं, उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो. तिघांना खताची शिफारस एकच.

गंमत अशी की नमुना कसा घ्यायचा याच्या सूचना अगदी काटेकोर. नागमोडी चालत जायचं, व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, १५ ते २० सेंटीमीटरपर्यंतचा काप काढायचा, झाडाखालची, बांधाजवळची, उकिरड्याशेजारची माती घ्यायची नाही, सगळी गोणपाटावर मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, परत मिसळायचं, असं करत अर्धा किलो उरली की पिशवीत चिठ्ठीसकट भरायची. एवढं सोवळं पाळून काढलेली पिशवी आणि ती लागू सहा एकरांना!

बाजू दुसरीही आहे, ती सांगायला हवी. चौदा कोटी खात्यांचे चौदा कोटी नमुने तपासायची ताकद कुठल्याच प्रयोगशाळांत नव्हती. पहिल्या फेरीत, २०१५ ते १७, अडीच कोटींच्या आसपास नमुन्यांवर दहा कोटींहून जास्त कार्डं निघाली, म्हणजे एका पिशवीवर सरासरी चार शेतकरी. तालुक्याला झिंक कमी आहे का, बोरॉन कमी आहे का, हे बघायला तेवढी जाळी पुरते आणि त्या कामाला तो डेटा खरंच उपयोगाचा आहे. पण मग त्याला सर्वेक्षण म्हणायचं होतं. प्रत्येकाच्या नावानं कार्ड छापून 'तुमच्या जमिनीचं आरोग्य' म्हटल्यावर लोक त्याला आपल्या जमिनीचा रिपोर्ट समजणारच. त्यात नत्राचा आकडा बऱ्याच वेळा थेट मोजलेला नसतो, सेंद्रिय कर्बावरून अंदाजानं काढलेला असतो, ते वेगळंच.

ही चूक कुणी उघडपणे कबूल केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही, पण २०१९-२० ला योजना बदलली. प्रत्येक तालुक्यात एक गाव निवडायचं आणि तिथं ग्रिड सोडून खातेनिहाय, शेतकऱ्याला सोबत घेऊन नमुने काढायचे, असं ठरलं. यातच काय ते समजा. तोपर्यंत बरीच कार्डं मात्र पत्र्याच्या पेटीत सातबाराच्या खाली जाऊन पडली होती.

आणि कार्ड बरोबर असतं तरी काय झालं असतं, हाही प्रश्न आहेच. एप्रिल २०१० पासून स्फुरद-पालाशच्या खतांचं अनुदान गोणीतल्या अन्नद्रव्याच्या किलोवर ठरायला लागलं, किमती मोकळ्या झाल्या, युरिया मात्र त्यातून बाहेर ठेवला. आज ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना आणि ५० किलोची डीएपी १३५० ला. कार्ड म्हणो 'युरिया कमी करा', दुकानातली पाटी नेमकं उलटं सांगते.

२०१५ मध्येच आणखी एक गोष्ट झाली जी आपल्याकडं कुणाच्या लक्षात नाही. जून महिन्यात युरोपचा एक उपग्रह वर गेला, त्याची चित्रं फुकट मिळतात आणि त्यातला एक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे शंभर चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ बरोब्बर एक गुंठा. २०१७ ला त्याचा जोडीदार गेल्यावर दर पाच दिवसांनी तोच गुंठा परत दिसायला लागला, ढग नसले तर. आज जे ॲप तुम्हाला उसाच्या प्लॉटचा हिरवा-पिवळा नकाशा दाखवतं, त्यातल्या बऱ्याच ॲपच्या मागं हीच चित्रं असतात. म्हणजे एकाच वर्षी खालून २४७ गुंठ्यांना एक पिशवी ठरली आणि वरून एकेका गुंठ्यावर नजर सुरू झाली, आणि दोन्ही कामं करणाऱ्यांची गाठ पडली नाही.

२०२५ ला राज्यानं शेतीतल्या एआयचं धोरण मंजूर केलं, त्यामुळं हे नकाशे आता अजून गावांत येतील. पण वरून पिवळं दिसतं ते का पिवळं, नत्र कमी म्हणून, लोह मिळत नाही म्हणून, पाणी साचलं म्हणून की हुमणी (मुळं खाणारी अळी) लागली म्हणून, ते ठिपक्यात दिसत नाही. गेल्या हंगामात आमच्या एका ओळखीच्या पोरानं मोबाईलवर पिवळा डाग बघितला, तिथं जाऊन फावडं मारलं तर खाली ठिबकची लॅटरल (नळी) उंदरानं कुरतडलेली.